वीस पावलांचा आजार

वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारपेठेत इंदरचंद कापडवाला चालायला लागला की समोरचा माणूस आपोआप बाजूला होत असे. घाई त्याला कशाचीच नसायची, पण पायच तसे होते. लग्नानंतर बायको राजमती पहिल्यांदा त्याच्यासोबत मंदिरात निघाली, तेव्हा हा दर्शन घेऊन परतताना तिला वाटेत भेटला. दुकानातही तेच. गिऱ्हाइकानं लुगडं म्हणायचा अवकाश, चार लुगडी गादीवर उलगडलेली असत. धाकटा भाऊ अजितकुमार नुसता घड्या घालून दमत असे.

त्र्याहत्तर सालच्या संक्रांतीला इंदरचंदला ताप आला. त्या वर्षी गावात पुष्कळांना आला आणि चार दिवसांत गेला. ह्याचाही गेला. फक्त जाताना इंदरचंदला घेऊन गेला, असं राजमती म्हणायची.

पाचव्या दिवशी तो दुकानात आला, कापडाचे तीन ठाण फळीवरून काढले आणि गादीवर आडवा झाला. तेव्हापासून त्याचं आडवं होणं संपलं नाही. सकाळी उठला की रात्रभर कोणी पोती वाहायला लावल्यासारखं अंग. दोन माणसं एकदम बोलली की डोकं भणभणायचं. त्यातून ह्या थकव्याची एक खोड होती. आज केलेल्या कामाचा थकवा परवा यायचा. सोमवारी हसतखेळत धोतरजोड्या विकणारा माणूस बुधवारी पाण्याचा तांब्या उचलू शकत नसे. त्यामुळं कोणाला पटत नव्हतं.

"भाईजी," अजितकुमार म्हणायचा, "मानूस काम करून थकते. तुमी झोपून थकून राह्यले. हे कोन्त्या गावचं गनित हाये?"

भेटायला येणारे मेथीचे लाडू सुचवायचे, कोणी पहाटे धावायला सांगायचं. सगळ्यांचं एक मत होतं की थोडं हिंडा, म्हणजे अंग मोकळं होईल. इंदरचंद भिडस्त माणूस. सांगणाऱ्याचं मन राखायला तो हिंडायचा आणि मग चार दिवस उठायचा नाही. सांगणारा पुन्हा बघायला यायचा आणि म्हणायचा, "पाहा, हिंडनं कमी पडलं."

शेवटी अकोल्याला एका म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त ठीक, लघवी ठीक, छातीचा फोटो ठीक. डॉक्टरांनी बराच वेळ प्रश्न विचारले आणि सांगितलं, की तापानंतर एखाद्याला असं राहतं. ह्यावर औषध नाही. शक्ती असेल तेवढंच करायचं, संपायच्या आत थांबायचं. ओढूनताणून करत राहिलात तर एक दिवस खाटेवरून उठणंच बंद होईल. मग त्यांनी इंग्रजीत दोन पानं लिहून दिली. "हे नीट समजून घ्या," म्हणाले, आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

समजावून द्यायला शाळेचे रतनसिंग गुरुजी शब्दकोश घेऊन आले. त्यांनी एकेक शब्द फोडला. स्नायू म्हणजे काय, मज्जा म्हणजे काय, आणि 'दीर्घकालीन' ह्या शब्दावर तर ते चहा घेऊन बोलले. अडीच तासांनी गुरुजी म्हणाले, "सारांश असा, की रोग्यानं दीर्घ श्रवण टाळावं." इंदरचंद सतरंजीवर ताठ बसून ऐकत होता. गुरुजींसमोर आडवं कसं व्हायचं? त्यानंतर तो आठ दिवस उठला नाही.

"थकव्याची माहिती ऐकून मानूस आठ दिवस थकला," अजितकुमार पेठेत सांगत फिरला.

पण त्या आठ दिवसांत, छताकडे बघत, इंदरचंदनं एक गोष्ट ठरवली. आजारी माणसाला जे कळायला हवं ते एवढं थोडं असावं, की पडल्या पडल्या हात दुखायच्या आत वाचून व्हावं. आणि भेटायला येणाऱ्यानं ते दारातच वाचावं, म्हणजे समजावत बसायला नको. त्यानं कापडाच्या ठाणातला पुठ्ठा मागवला. गाठोड्यांवर नाव घालायची शाई घेतली. आयुष्यात त्यानं गाठोड्यांवरच्या नावांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. दिवसाला एक ओळ, मग दोन दिवस विसावा, असं करत पंधरा दिवसांत पुठ्ठा झाला.

वर फक्त स्वतःचं नाव घातलं, इंदरचंद. त्याखाली पाच ओळी.

एका वेळी वीस पावलं चालायचं, मग बसायचं.
पाव तास बोलायचं, मग तेवढाच वेळ गप्प राहायचं.
दिवेलागणीनंतर कोणाला भेटायचं नाही.
थकवा यायच्या आधी थांबायचं, आल्यावर नाही.
बरं वाटलं तरी उद्याचं काम आज करायचं नाही.

आपण आजारी आहोत हे त्यानं लिहिलं नाही. ते तर सगळ्या गावाला माहीत होतं. राजमतीनं पुठ्ठा दुकानामागच्या घराच्या दारावर खिळ्याला टांगला. तो चौऱ्याहत्तरच्या पर्युषणाचा पहिला दिवस होता.

पर्युषणाच्या दिवसांत पेठेतल्या जैन घरांत प्रत्येकजण काही ना काही नियम घेतो. कोणी हिरवी भाजी सोडतो, कोणी मौन धरतो, कोणी अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे पाऊल टाकणार नाही म्हणतो. इंदरचंदची प्रेमाआत्या सकाळी मंदिरातून येताना त्या दारापाशी थांबली. सत्तरीची, विधवा, नियमांच्या बाबतीत तिचा शब्द पेठेत शेवटचा. तिनं पाचही ओळी बोट ठेवून वाचल्या आणि चौथी ओळ पुन्हा एकदा वाचली.

"राजमती," ती म्हणाली, "पोट भरायच्या आधी ताटावरून उठते, त्याले ऊनोदरी म्हनतात. ते तप आमी समद्यांनी केलं. पन थकायच्या आधी थांबनं? ही तं चालन्याची ऊनोदरी झाली! हे याले शिकवलं कोनं?"

"अकोल्याच्या डॉक्टरनं," राजमती म्हणाली.

"मानूस किती लपवते पाहा," म्हणून आत्यानं दाराला हात जोडले.

दुपारपर्यंत पेठभर झालं. इंदरचंद आजारी नव्हताच. दीड वर्ष तो गुपचूप तप करत होता आणि लोकांचे टोमणे ऐकून घेत होता. ज्यांनी टोमणे मारले होते ते सर्वांत आधी पाया पडायला आले.

"मी आजारी हावो," इंदरचंद म्हणाला.

"बराबर हाये," लोक म्हणाले आणि भरल्या डोळ्यांनी एकमेकांकडे पाहू लागले.

"खरंच आजारी हावो. डॉक्टरचा कागद हाये."

"तुमी म्हनसान तसं," असं म्हणत ते पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी दारातून बाहेर गेले. एक जण उंबऱ्याला अडखळून पडला.

पुढचे दिवस इंदरचंदच्या आजारपणातले सर्वांत सुखाचे गेले, हे सांगितलंच पाहिजे. समोरची पिठाची गिरणी दुपारी दोन तास बंद राहू लागली. सायकलवाले पेठेच्या तोंडाशी उतरून चालत येऊ लागले. पाव तास बोलून झालं की समोरचे स्वतःच तोंडावर बोट ठेवायचे. मागच्या परसातला पायखाना बावीस पावलांवर होता, आणि विसाव्या पावलावर इंदरचंदमहाराजांनी करायचं काय, असा पेच लोकांना पडला. अजितकुमारनं अठराव्या पावलाशी खुर्ची आणून ठेवली. गेल्या दीड वर्षात त्यानं भावासाठी केलेलं हे पहिलं काम होतं. इंदरचंद त्या खुर्चीवर बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी त्याचाही वेगळा अर्थ लावला.

शिरपूरच्या जैन देवळाला निघालेले यात्रेकरू मालेगावात एस.टी. बदलताना पुठ्ठा पाहून जाऊ लागले. काहींनी ओळी उतरवून नेल्या. पाचवी ओळ एका कचेरीतल्या कारकुनाला इतकी भावली, की त्यानं ती टेबलामागे लावली.

आणि इंदरचंदला खरोखरच बरं वाटू लागलं. अंगात थोडी शक्ती उरायची, बुधवारी तांब्या उचलता यायचा. दीड वर्षात जी विश्रांती आजारी माणसाला कोणी दिली नाही, ती तपस्व्याला सगळ्यांनी दिली. गप्प बसलं तर हे चालू राहील, हे त्याला कळत होतं. पण खोटेपणा त्याला बोचायचा. रोज सकाळी तो पहिल्या माणसाला सांगायचा, की मी आजारी आहे. कोणाला पटत नाही, त्याला आपण काय करणार, अशी मनाची समजूत घालून मग तो सुखानं पडायचा.

बाजाराच्या दिवशी गिरजाबाई माळीण सुनेला घेऊन आली. गावाबाहेर तिचा भाजीचा मळा होता. मेथी, वांगी, दोडके, सगळं सासू-सुनेनं डोक्यावरून बाजारात आणायचं. सून आवडाबाई तिशीची असेल. दुकानाच्या ओट्याशी येताच पाटी उतरवून ती खांबाला टेकली.

"शेठजी," गिरजाबाई म्हणाली, "तुमी एवढं मोठं तप करता. माह्या सुनेले तुमचा थोडासा गुन द्या. हिले आळस भरला. येक पाटी आनते अन् दोन दिस लोळते."

इंदरचंद त्या वेळी ओट्यावर त्याच्या खुर्चीत होता. तो म्हणाला, "आजारी पडली होती का?"

"ताप आल्ता पोळ्याच्या वक्ताले. गेला तो. ताप जाऊन आता साल झालं, हिचा आळस काई जाईना."

"मी तिले इचारतो." इंदरचंद सुनेकडे वळला. "बाई, झोपून उठल्यावर बरं वाटते का?"

आवडाबाईनं सासूकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "नाई जी. झोपूनच थकते."

"काम केलं त्याच दिवशी पडता का?"

"त्या दिवशी काईच नसते. मांगून येते. तिसऱ्या रोजी."

इंदरचंद खुर्चीतून पुढं झुकला. दीड वर्षात तिसऱ्या दिवसाची गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यानं ऐकली नव्हती. "दोन मानसं एकदम बोलले तं डोकं..."

"भनभन करते," आवडाबाई म्हणाली. "तुमाले कसं ठाऊक?"

"मलेही तेच हाये! हे जे मले हाये, तेच तुमाले हाये!"

ओट्याभोवती जमलेले लोक चपापले. पाव तास केव्हाच होऊन गेला होता. प्रेमाआत्यानं तोंडावर बोट ठेवून खुणावलं. इंदरचंद थांबला नाही.

गिरजाबाई मात्र विचारात पडली. "म्हनजे? हिले बी तप लागलं?"

"तप नाई बाई, आजार. हिनं असंच ओझं वाह्यलं तं येक दिवस खाट सोडनार नाई. डॉक्टरनं मले सांगलं हाये."

"शेठजी, मी अडानी हावो, पन येडी नाई. आजार असता तं लोकं तुमच्या पाया कायले पडले असते? आजाऱ्याच्या पाया कोन पडते?" तिनं सुनेच्या डोक्यावर पाटी चढवली. "चाल व माय. यायनं काई दिलं नाई."

आवडाबाई पाटी सांभाळत निघाली. जाताना तिनं एकदा मागं पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. आपल्याला काय झालंय ते ह्या एका माणसाला माहीत आहे, एवढंच तिला पुन्हा बघून घ्यायचं होतं.

इंदरचंद उठला आणि ओटा उतरून पेठेत चालू लागला. विसावं पाऊल आलं, गेलं. मागून अजितकुमार खुर्ची घेऊन धावला. "भाईजी, बसा! वीस झाले! चाळीस झाले!" त्याच्या मागं तीसचाळीस माणसं, कोणी रडवेलं, कोणी पावलं मोजतंय. जुन्या इंदरचंदचे पाय एवढ्या दिवसांनी मोकळे सुटले होते. सगळी पेठ ओलांडून तो भाजीच्या रांगेत पोचला आणि मोठ्यानं म्हणाला, "आयका सारे! मी तपस्वी नाई. मी आजारी हावो. या बाईले बी तोच आजार हाये. हिच्या डोक्यावर पाटी देऊ नका!"

एवढं बोलून तो एका माळ्यानं रचलेल्या दुधीभोपळ्यांच्या ढिगावर बसला. ढीग घरंगळला. इंदरचंदही भोपळ्यांबरोबर घरंगळला.

चौघांनी उचलून त्याला घरी आणलं. तिसऱ्या दिवसापासून जो पडला तो दसऱ्यापर्यंत. पेपरासारखी पातळ वस्तूही हातात धरवेना. डॉक्टर बोलले होते तसंच सगळं झालं, आणि गावाला पुरावा मिळाला. नियम मोडला, म्हणून शरीरानं शिक्षा दिली. आता तर कोणाच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. फक्त रतनसिंग गुरुजी ते दोन कागद घेऊन घरोघर सांगत होते, की हा वैद्यकीय विषय आहे. पण ते सांगायला लागले की लोकांना कामं आठवायची.

इंदरचंद खाटेवर पडून विचार करायचा. तप म्हणून गप्प बसला असता तर स्वतः सुखात राहिला असता. आजार म्हणून ओरडला, तर आता त्याला चालता येईना आणि त्या बाईची पाटीही उतरली नाही.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस आवडाबाई एकटीच आली. रस्त्यात सहा वेळा बसून आली, असं तिनं राजमतीला सांगितलं. खाटेपासून अंतर ठेवून ती जमिनीवर टेकली.

"शेठजी, तुमी माह्यासाठी चालले, मले समजलं," ती म्हणाली. "पन मले आजार नको. आमच्या घरात आजाराले जागा नाई. आजार म्हनलं का दुसऱ्या रोजी इचारतात, गेला का? मले तुमचे ते नियम द्या. नियम मोडा असं सासू कदी म्हननार नाई. तिचा गुरुवार तिनं बाळंतपनात बी सोडला नोयता."

"मी खोटं सांगू, का हे व्रत हाये म्हनून?"

"खोटं कायचं? मी खरंच पाळीन. तुमी बी खरंच पाळता. मंग खोटं कोन बोलून राह्यलं?"

इंदरचंद छताकडे बघत पडला. आजवर तो वीस पावलांवर थांबत होता ते नाइलाजानं, चिडून, आणि जमेल तेव्हा चोरून पुढं जायचा. एकवीस, बावीस, तीस. थांबायचं असं त्यानं मनापासून कधी ठरवलंच नव्हतं. त्यानं राजमतीला पुठ्ठा काढून आणायला सांगितला, आणि प्रेमाआत्याला व गिरजाबाईला बोलावणं पाठवलं.

दोघी आल्यावर त्यानं झोपल्या झोपल्याच हात जोडले. "आत्या, मी आजपर्यंत कोनताच नियम घेतला नोयता. आज घेतो. मी आजारी हावो, म्हनून घेतो. आजारी हावो, हे शब्द गाळायचे नाईत."

"आजारासाठी नियम?" आत्या गोंधळली. "तपासाठी घेतात रे."

"नियम मोडाचा नाई, एवढंच ना? मंग कायसाठी घेतला ते मी सांगीन."

आत्यानं विचार केला. ह्याला आडकाठी करणारं काही तिला आठवलं नाही. तिनं नियम दिला.

मग आवडाबाईची पाळी. गिरजाबाई मांडी घालून पुढं सरकली. भाजीच्या रांगेत तीस वर्षं बसलेली बाई ती. "हिले किती पावलं?"

"वीस," इंदरचंद म्हणाला.

"वीसात तं आंगन बी होत नाई. शंभर करा."

"शंभरानं पडंन."

"बरं, ऐंशी. मळ्यातून घरापावेतो चारदा बसंन."

"हिलेच इचारा ना."

कोणी आवडाबाईला विचारायची ही पहिलीच वेळ असावी. तिनं मनातल्या मनात अंगण चालून पाहिलं. "चाळीस जमतात. पाटी नसली तं."

"पाटी नसली तं!" गिरजाबाई कडाडली, मग आत्याकडे पाहून आवाज उतरवला. "पाटी बी नियमात हाये का?"

"हाये," इंदरचंद म्हणाला.

"बसल्या जागी मेथीच्या जुड्या बांधनं?"

"पाव तास. मंग पडायचं."

"मंग परत पाव तास?"

"तिले वाटलं तं."

असं एकेक कलम ठरत गेलं. जिथं नेमकं किती झेपतं ते कळेना, तिथं आठ दिवस करून बघायचं आणि कमी करायचं असं ठरलं. अकोल्याच्या दोन पानांत जे कोणाला सापडलं नव्हतं ते गिरजाबाईनं घासाघीस करून सगळं काढून घेतलं. राजमतीनं दुसरा पुठ्ठा आणला. इंदरचंदला शाई धरवेना, म्हणून तो सांगत गेला आणि तिनं लिहिलं. दोन्ही पुठ्ठ्यांवर सर्वांत वर, नावाच्याही वर, एकच ओळ घातली. हा आजार आहे.

"अन् घरात कोनी इचारलं तं?" इंदरचंदनं गिरजाबाईला विचारलं.

"सांगीन ना. आजार हाये, अन् आजाराचा नियम हाये. कोन तोडते ते पाह्यतो मी."

पुढं तिनं खरोखरच पाहिलं. बाजारात आवडाबाई गोणपाटावर आडवी असायची आणि एखाद्या गिऱ्हाइकानं मोठ्यानं भाव विचारला की गिरजाबाई त्याला दोडक्यानं दटावायची. "हळू बोला. इंदरचंद शेठले हाये तोच आजार हाये हिले. आसेगावपावेतो कोनाले नाई." तिच्या बोलण्यामुळं त्या आजाराला गावात एक वजन आलं. वाशीमहून, आसेगावाहून थकलेली माणसं येऊ लागली. इंदरचंद पडल्या पडल्या त्यांना तेच प्रश्न विचारायचा, तिसऱ्या दिवसाचा तर हटकून. बहुतेकांचं उत्तर जुळायचं नाही. त्यांना तो आधी डॉक्टरकडे जाऊन रक्त दाखवायला सांगायचा. ती माणसं हिरमुसून परत जायची.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पुठ्ठा लिहून झाल्यावर गिरजाबाईनं निघता निघता शेवटचा प्रश्न विचारला. "शेठजी, हे किती दिसाचं? कदी बरी होईन ही?"

अजितकुमार भावाला खुणावत होता, की सांगून टाका दिवाळीपर्यंत. आवडाबाई जमिनीकडे बघत होती.

"मले माहीत नाई," इंदरचंद म्हणाला. "डॉक्टरले बी माहीत नाई. ते लिव, राजमती. खाली लिव, बारीक अक्षरात नको."

राजमतीनं लिहिलं. कधी बरं वाटेल ते कोणालाच सांगता येत नाही. गिरजाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून आत्यानं ते वाचून दाखवलं. गिरजाबाई पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग सुनेकडे वळली.

"मंग घाई कायची हाये," ती म्हणाली. दारात ठेवलेली वांग्यांची पाटी तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली. "चाल आवडे, चाळीस पावलं. मी मोजतो."